मल्लिनाथ गुरुजींचं बेस मॉडेल

मोटारगाडीचं माहितीपत्रक पुढून उघडायचं नसतं, हे मला मल्लिनाथ गुरुजींनी शिकवलं. पुढून उघडलं की डोंगर दिसतो, डोंगरावर गाडी दिसते, गाडीला टेकून हसणारं एक जोडपं दिसतं, आणि त्यांचे बूट बघता ते जोडपं आपल्या तालुक्यातलं नाही हेही दिसतं. गुरुजी ते पत्रक उर्दूच्या पुस्तकासारखं मागून उघडत. मागच्या पानावर बारीक अक्षरात एक तक्ता असतो. डावीकडे गाडीत काय काय असू शकतं ते ओळीनं लिहिलेलं, आणि पुढे तीन रकाने. बेस, मधलं आणि टॉप. जे आहे तिथं बरोबरची खूण, जे नाही तिथं आडवी रेघ. गुरुजी चष्मा कपाळावर सरकवून तो तक्ता डोळ्यांजवळ धरत आणि बराच वेळ काही बोलत नसत. समोरच्याला वाटे, म्हातारा पेंगला. मग एकदम मान वर करून विचारत, "हे मागचं वायपर नसलं, तर घरात कोण रडंल?"

एवढंच त्यांचं शास्त्र होतं. रडणारं माणूस सापडलं तर वरच्या मॉडेलचे जास्तीचे पैसे द्यायचे, नाही सापडलं तर बेस घेऊन गुमान घरी यायचं. इंजिन एकच, पेट्रोल तेच, आणि अणदूरच्या स्टँडपाशी उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकायचं तेही सगळ्यांनी सारखंच. गाडी म्हणजे छोटी, पेट्रोलवरची. डिझेलची गाडी ते विचारातच घेत नसत, आणि सीएनजीवाल्यांची डिकी टाकीनं खाल्लेली असते म्हणून त्यांची कीव करत. कंपनीचं नाव मी सांगत नाही. गुरुजींना सगळ्याच कंपन्या सारख्या संशयित वाटत.

मी अणदूरच्या शाळेत लागले तेव्हा गुरुजींच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. आमची टेबलं शेजारीशेजारी. अंगानं वाळकी काडी, डोक्यावर टोपी, आणि खिशात लाल रिफिलचा पेन. आयुष्य पेपर तपासण्यात गेलेलं, त्यामुळे बरोबर-चूक असलेला कुठलाही कागद दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. आमच्या शाळेतले कारकून गाडी घ्यायला सोलापूरला निघाले तेव्हा गुरुजी सोबत म्हणून गेले होते. शोरूममध्ये सेल्समननं तो तक्ता समोर ठेवला आणि गुरुजींनी सवयीनं लाल पेन काढला. बेस घ्यायला गेलेले कारकून टॉप घेऊन येता येता वाचले, असं पुढं महिनाभर सांगत होते. तेव्हापासून अणदूर आणि आसपासच्या चार गावांत कुणाला छोटी गाडी घ्यायची झाली की आधी गुरुजींच्या दारात चपला दिसायच्या. या सगळ्यात गंमत एवढीच की गुरुजींकडे स्वतःची गाडी नव्हती. एक मोटारसायकल होती, तिला ते बेसच्याही खालचं मॉडेल म्हणत.

हळूहळू हा तक्ता शोरूमच्या बाहेर आला. गुरुजी जगाकडेच तीन रकान्यांतून बघू लागले. शाळेतली खिचडी बेस होती. लग्नातलं जेवण बहुधा मधलं असायचं, "नाव टॉपचं लावलंय" असा शेरा मारून. एकदा तपासणीला साहेब आले, मोठे रुबाबदार, मागं दोन माणसं फायली घेऊन. साहेब गेल्यावर मी विचारलं, कसे वाटले. गुरुजी म्हणाले, टॉप मॉडेल हाय, पण चालवणारा दुसराच हाय. माझ्या भाचीला आलेल्या एका स्थळाबद्दल त्यांनी सांगितलं की मुलगा बेसच आहे, वरचं सगळं आईबापांनी बाहेरून बसवून घेतलंय. ते स्थळ आम्ही नाकारलं. आमचं काही चुकलं नाही हे नंतर कळलं, पण ते इथं सांगायचं कारण नाही.

मी एकदा धीर करून विचारलं, की मग मी कुठलं मॉडेल? गुरुजींनी टोपी नीट केली आणि विचार करून सांगितलं, "तुमी मधलं, बाई. पण काचा चारी बाजूंनी उघडत्यात." मी आठवडाभर खुशीत होते. मग एक दिवस घरी भांडी लावताना वाटलं, हा माणूस मला तोंडाळ म्हणाला की काय.

त्यांना कंजूष म्हणणारे लोक होते, आणि त्यांना कारणही होतं. एका द्राक्षबागायतदाराला छताला काच असलेली गाडी हवी होती, बटण दाबलं की आभाळ दिसणारी. गुरुजींनी त्याला शोरूममध्ये, चार माणसांदेखत, विचारलं की चैत्रात तू घरावरचा पत्रा काढून बसतोस का. सेल्समन हसला, बागायतदार हसला नाही. त्यानं ती काचेची गाडीच घेतली, आणि मे महिन्यात त्या काचेवर आतून पोतं लावलेलं साऱ्या गावानं पाहिलं. गुरुजी त्याच्या दारावरून जाताना पोत्याकडे बघत नसत. पण चालायचा वेग थोडा कमी करत.

पण ते कंजूष नव्हते. त्याच कारकुनांची बायको पुढे गाडी शिकली. बाई ठेंगणी. स्टीअरिंगमागं बसली की बाहेरच्याला नुसता अंबाडा दिसायचा. घरात दुसरी गाडी घ्यायची निघाली तेव्हा कारकुनांनी स्वतःच सांगितलं, गुरुजी, बेसच बघा. गुरुजींनी त्या बाईंना शोरूममध्ये गाडीत बसवलं, आपण पुढं बॉनेटपाशी उकिडवे बसले आणि विचारलं, म्या दिसतो का. बाई म्हणाल्या, नाही. ड्रायव्हरची सीट वरखाली करायची सोय फक्त टॉपला होती. गुरुजींनी कारकुनांना बाजूला घेऊन सांगितलं, ह्या एका ओळीसाठी टॉप घ्यायचं, कारण तिला रस्ता दिसला न्हाय तर रडणारी माणसं रस्त्यावर असत्याल. कारकुनांनी घेतलं. म्हणून सांगते, त्या प्रश्नात पैशांपेक्षा माणसं जास्त होती. गुरुजी तक्त्यातली प्रत्येक ओळ घेऊन मनातल्या मनात त्या घरात फिरून यायचे. म्हातारा कोण, लेकरं किती, कुणाला गाडी लागते, कुणाला पोटात वारं धरतं, हे सगळं विचारायचे. एवढं स्थळ बघतानाही कुणी विचारत नाही.

आता अव्वांचं सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशीच येतं.

अव्वा म्हणजे गुरुजींची आई. गुरुजी दोघे भाऊ. थोरले हे, आणि धाकटा बसवराज. बसवराज नळदुर्गला बियाण्या-खताचं दुकान चालवायचा आणि तिथंच घर बांधून राहायचा. वाटण्या झाल्या तेव्हा रान वाटलं, बैलं वाटली, आणि अव्वांचा प्रश्न आला. आमच्याकडे अशा प्रश्नाला तयार उत्तर आहे. आमचा खंडोबा एकच, पण गावं दोन. वर्षातले दोनेक महिने देव नळदुर्गला असतो, पौषातली यात्रा तिकडं होते, आणि बाकीचे महिने तो अणदूरला असतो. देव नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी समोरासमोर बसून वचन देतात, घेतात. कुणी भांडत नाही. तर भावकीतल्या कुणीतरी म्हटलं, देवाला जे चालतं ते अव्वाला का चालू नये? झालं. देव नळदुर्गला निघाला की मागोमाग अव्वांचं गाठोडं निघायचं, आणि देव परत आला की दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा परत यायच्या. गावात कुणी विचारलं, अव्वा दिसंनात, तर गुरुजींच्या पत्नी, महानंदाकाकू, म्हणायच्या, देव गेलाय नव्हं. एवढ्यावर समजायचं.

हे बरीच वर्षं सुरळीत चाललं. अव्वा एसटीनं जायच्या, मग एसटीची पायरी झेपेना म्हणून जीपनं, मग जीपची झेपेना. गुडघे गेले होते. अशात बसवराजनं गाडी घेतली. छोटी, पेट्रोलवरची, पांढरी. टॉप मॉडेल. थोरल्या भावाला न विचारता घेतली. चार गावं ज्याच्याकडे सल्ल्याला येतात त्याच्या सख्ख्या भावानं पत्रक पुढून उघडलं. गुरुजी याबद्दल काही बोलले नाहीत, फक्त त्या महिन्यात आलेल्या दोन गिऱ्हाइकांना त्यांनी टॉप मॉडेलबद्दल जरा जास्तच ऐकवलं.

त्या वर्षी अव्वा बसवराजच्या गाडीतून गेल्या आणि त्याच्याच गाडीतून परत आल्या. येताना बसवराज ओसरीवर बसला, चहा घेतला, आणि कप खाली ठेवत म्हणाला की अव्वाला आता सोलापूरच्या डॉक्टरकडे सारखं न्यावं लागणार, माझ्याकडं गाडी आहे, तुमच्याकडं नाही. तेव्हा देवाचं उलटं करू. अव्वा दहा महिने माझ्याकडं, दोन महिने तुमच्याकडं. पुढची यात्रा झाली की ठरवून टाकू.

दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळेत आले तेव्हा आमच्या गप्पांत शिरले नाहीत. चहा तसाच निवला. मला वाटलं, बरं नसेल. मधल्या सुट्टीत बाकीचे बाहेर गेल्यावर ते खिडकीकडे बघत म्हणाले, "बाई, रान वाटलं तवा म्या बोललो न्हाय. पर अव्वा दोन महिने नसली की माझ्या घराचं काय व्हतं ते मला माहिताय. दहा महिने कसं काढावं?" खरं तर बसवराजच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती. तो चांगला माणूस होता, आईचं करणारा होता. वाईट असता तर गुरुजींना सोपं गेलं असतं.

म्हणून मल्लिनाथ गुरुजींनी गाडी घेतली.

गावात ही बातमी एखाद्या ब्रह्मचाऱ्याचं लग्न ठरावं तशी पसरली. आता गुरुजी स्वतः काय घेतात, याची लोकांना उत्सुकता. गुरुजींनी अंगणात बाजल्यावर तक्ता अंथरला आणि आपला प्रश्न आपल्याच घराला लावला. महानंदाकाकू समोर शेंगा फोडत बसलेल्या. मीही होते. चकचकीत चाकं नसली तर कोण रडंल? कुणी नाही. गाणी वाजवायचा पडदा नसला तर? काकू म्हणाल्या, मी रडेन. गुरुजी म्हणाले, तुमी गाडी नसताना बी रडता, ते धरायचं न्हाय. मागच्या काचा बटणावरच्या नसल्या तर? मागं बसणार अव्वा, तिला वारं सोसत न्हाय, ती काच उघडणारच न्हाय. रेघ चालेल. मागं बघायचा कॅमेरा? देवानं मान दिलीय. असं करत शेवटच्या ओळीपर्यंत गेले. प्रत्येक ओळीत त्यांनी अव्वांना बसवून पाहिलं, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. एका ठिकाणीही अव्वा रडल्या नाहीत. काकूंनी एवढंच म्हटलं की एकदा अव्वाला नेऊन खरंच बसवून बघू की. पण तोवर पुढची यात्रा जवळ आली होती, अव्वा नळदुर्गला होत्या, बसवराजच्या वाटणीचे महिने चालू होते, आणि गुरुजींना गाडी त्या परत यायच्या आत दारात पाहिजे होती. शेवटी बेस ठरलं.

शोरूममध्ये गाडी देताना पुठ्ठ्याची एक भलीमोठी किल्ली हातात देतात आणि फोटो काढतात. ती किल्ली तिन्ही मॉडेलला सारखीच असते, हे गुरुजींनी मला मुद्दाम सांगितलं. तो फोटो त्यांनी कधी कुणाला दाखवला नाही, पण कपाटाच्या आत लावलेला होता. गाडीला लिंबू-नारळ झालं. भंडारा मात्र देव परत आल्यावरच लावायचा, असं त्यांनी ठरवलं. देव आणि अव्वा एकदमच यायचे होते.

यात्रा झाली. देव अणदूरला परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी गाडी घेऊन नळदुर्गला निघाले. माझी बहीण नळदुर्गला असते, म्हणून त्यांनी मलाही बरोबर घेतलं. मी मागं बसले, अव्वांच्या जागेवर. सीट मऊ होती, गाडी नवी होती, वास नवा होता. गुरुजींनी हायवेला दोनदा विचारलं, मागं काय कमी वाटतंय का बाई. मी म्हटलं, काही नाही. माझे गुडघे तेव्हा धड होते.

बसवराजच्या दारात त्याची पांढरी गाडी पुसून उभी होती. तो बाहेर आला आणि म्हणाला, "अण्णा, तुमी कशाला त्रास घेतला? म्या सोडलं असतं की." मग नव्या गाडीभोवती फिरला, चांगली आहे म्हणाला. टॉप घेतलेला माणूस बेसला चांगली आहे म्हणतो ना, तसंच. गुरुजींनी ऐकून घेतलं.

अव्वा आल्या. काठी सुनेच्या हातात दिली, गाडीचं मागचं दार उघडलेलं होतं तिथं उभ्या राहिल्या, पाठ सीटकडे केली आणि हात वर नेला. दाराच्या वर, छताला, धरायला कडी असते ना, तिथं. गेल्या वर्षापासून बसवराजच्या गाडीत जाता-येता त्या हाताला ती जागा पाठ झाली होती. हात गेला आणि रिकामा आला. त्यांनी पुन्हा नेला. पत्र्याच्या कडेनं पुढं चाचपलं, मागं चाचपलं, भिंतीवरची खुंटी शोधावी तसं. काही नव्हतं. मग त्यांनी बाजूला लोंबणारा सीटबेल्ट धरला आणि जोर लावला. तो हातभर बाहेर आला, अजून लावला तर अजून आला. अव्वा पट्टा हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"बेसला मागं नसतंय ते, अण्णा," बसवराज हळूच म्हणाला.

मी गुरुजींकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तो माणूस गोंधळलेला मी पाहिला नव्हता. त्यांचे डोळे जागेवर होते, पण ते तक्ता वाचत होते, हे मला कळत होतं. वरून खाली, खालून वर. आणि तक्त्यात ती ओळच नव्हती. कडी असल्याची खूण नाही, नसल्याची रेघही नाही. ज्यानं तो कागद छापला त्याला ती कडी लिहिण्याच्या लायकीची वाटली नसेल. गुरुजींनी लिहिलेलं सगळं तपासलं होतं. न लिहिलेलं तपासायची पेपर तपासणाऱ्याला सवय नसते. मला त्यांची इतकी दया आली की मी उगीच माझी पर्स उघडून त्यात काहीतरी शोधू लागले.

बसवराज म्हणाला, "अव्वा, माझ्या गाडीत बस. म्या सोडतो." तो टोमणा नव्हता. त्याला खरंच तेच बरं वाटत होतं.

गुरुजी ड्रायव्हरच्या बाजूला उभे होते. ते गाडीला वळसा घालून आले. अव्वांच्या हातातून पट्टा सोडवला. टोपी काढून काखेत धरली, का ते कुणास ठाऊक, आणि आपला उजवा हात कोपरापासून आडवा धरला. अव्वांनी दोन्ही हातांनी तो धरला आणि सगळा भार टाकत टाकत सीटवर बसल्या. गुरुजी वाळकी काडी माणूस, थरथरले, पण हात हलू दिला नाही. मग त्यांनी अव्वांचे पाय एकेक करून आत ठेवले.

आता विचारायचंच होतं, तर बसवराजनं विचारलं. "मग अव्वा, फुडल्या सालापास्नं कसं करायचं?"

अव्वांनी पदर सारखा केला. "देवाचं हाय तसंच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. थोडं थांबून पुन्हा बोलल्या. "तुज्या गाडीत कडी हाय, बसवराज. लई चांगली हाय. कडी धरून माजी म्या बसते, माजी म्या उतरते. तुला खाली यावं लागत न्हाय. ह्येच्या गाडीत काय बी न्हाय. ह्येलाच यावं लागतंय."

त्या बोलण्यात कौतुक होतं की तक्रार, हे मला आजही सांगता येणार नाही. शेतावर पाणी किती आलं हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. बसवराजनं मान हलवली, आणि सुनेकडून काठी घेऊन अव्वांच्या पायाशी नीट ठेवली.

परतताना अव्वा मागं माझ्या शेजारी होत्या. हायवेला लागल्यावर त्या म्हणाल्या, मल्लू, गाडी लई हळू चालवायलास. गुरुजी म्हणाले, बेस हाय. त्यावर दोघं मायलेकरं हसली, आणि मला रडू आलं, ते मी खिडकीकडं तोंड करून लपवलं.

घरी भंडारा लागला. पुढं महिनाभरात गावातल्या गॅरेजवाल्यानं गुरुजींना सांगितलं की छताच्या आत भोकं कंपनीनंच पाडून ठेवलेली असतात, कडी मागवून दोन स्क्रू मारायचं काम आहे. गुरुजी बरं म्हणाले. वर्ष गेलं, कडी काही आली नाही. मी एकदा छेडलं की पंचक्रोशीचे जाणकार तुम्ही, आणि तुमच्याच गाडीला कडी नाही? ते म्हणाले, "बसवली तर म्या जागेवर बसून ऱ्हाईन, बाई. आळशी माणूस हाय." आणि प्रत्येक वेळी, देवळात जाताना, दवाखान्यात जाताना, ते उतरायचे, वळसा घालून यायचे, टोपी काखेत धरायचे आणि हात आडवा करायचे. आणखी एक गोष्ट झाली. पुढच्या वर्षी बसवराज अव्वांना न्यायला आला तेव्हा, कडी असूनही, तोही खाली उतरला.

सल्ल्याचं काम गुरुजींनी सोडलं नाही, फक्त पद्धत बदलली. आता दारात गिऱ्हाईक आलं की ते तक्ता हातात घेत नसत. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस सोलापूरला घेऊन या, मग बोलू, म्हणत. त्यामुळं काही काळ त्या शोरूममध्ये विचित्र दृश्य असायचं. आमच्या भागातल्या नऊवारीतल्या म्हाताऱ्या रांगेनं चकचकीत गाड्यांत बसताहेत आणि उतरताहेत, शेजारी गुरुजी उभे, आणि सेल्समन हातात पाण्याचा पेला घेऊन. एक आजी गाडीत बसल्या त्या उतरायलाच तयार होईनात, गार हवा लागते म्हणाल्या. त्यांच्या घरच्यांनी शेवटी गाडी घेतलीच नाही, पण त्या दिवसाबद्दल आजी फार समाधानी होत्या.

अव्वा गेल्या त्या नळदुर्गला, बसवराजच्या घरी, देव तिकडं असताना. गुरुजी पोचले तेव्हा जीव होता की नव्हता, यावर घरात दोन मतं आहेत. मी भेटायला गेले तेव्हा ते शांत होते. म्हणाले, त्याच्या वाटणीच्या महिन्यांत गेली. त्याला बी कायतरी मिळायला पाहिजे व्हतं. त्यानंतर त्यांची गाडी फारशी बाहेर निघाली नाही. काकूंनी तिच्यात बाहेरून गाणी बसवून घेतली, आणि कधीतरी उभ्या गाडीत बसून ऐकायच्या.

अलीकडे मी गाडी घ्यायचं ठरवलं. गुरुजी आता काठी घेतात, पण मी विचारल्यावर नाही म्हणाले नाहीत. सोलापूरच्या त्याच शोरूममध्ये गेलो. सेल्समन नवा होता, त्याला गुरुजी कोण हे ठाऊक नव्हतं. त्यानं बेस मॉडेल दाखवलं आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं की आता बेसला पण बरंच काही येतं. काचा बटणावर येतात, हवेच्या पिशव्या येतात, आणि मागच्या दारांना वर धरायला कडी पण येते, ती आता सगळ्याच मॉडेलला देतात.

मला वाटलं, आता गुरुजी चष्मा कपाळावर सरकवतील आणि आपला प्रश्न विचारतील. त्यांनी विचारला नाही. काठी माझ्याकडं दिली. डावीकडचं मागचं दार उघडलं, पाठ सीटकडे केली, हात वर नेला. कडी हाताला लागली. ती धरून ते बसले, पाय आत घेतले. कडी सोडली तशी ती आपोआप हळूच छताला जाऊन टेकली. त्यांनी ती पुन्हा खाली ओढली, पुन्हा सोडली.

"बेसच घ्या, बाई," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. कागदपत्रं करायला सेल्समन मला टेबलाकडं घेऊन निघाला, पण गुरुजी काही उतरेनात. तो भला होता, मागं वळला, दारापाशी वाकला आणि त्यांच्यापुढं हात धरून म्हणाला, "या काका, उतरायला हात देतो."

गुरुजींनी त्याच्या हाताकडं पाहिलं. मग वरची कडी धरली.

"असू द्या," ते म्हणाले. "आता कडी हाय की." आणि ती धरून तसेच आत बसून राहिले.